पोंपोंची गाडी

आमच्या कंपनीत 'दोष' हा शब्द वापरत नाहीत. गाडीत दोष निघत नाही, 'सुधारणेला वाव आढळतो'. तसा वाव आढळलेल्या गाड्या परत बोलावून दुरुस्त करून द्यायची वेळ आली, की तिला 'ग्राहक-भेट मोहीम' म्हणतात. जणू ग्राहकांच्या आठवणीने आम्हालाच भरून आलं. ही नावं मी ठेवतो. मी कंपनीच्या गृहपत्रिकेचा संपादक आहे. गृहपत्रिका सगळ्या कर्मचाऱ्यांना फुकट मिळते आणि त्यांच्या स्वयंपाकघरात डब्यांखाली अंथरली जाते. म्हणजे अगदीच वाया जात नाही.

त्या वर्षी आमच्या मधल्या आकाराच्या ट्रकमध्ये असाच वाव आढळला. मागच्या चाकांजवळ ब्रेकचे दोन डबे असतात, ते गंजून फुटायला लागले होते. डबे बदलून द्यायचं ठरलं आणि आमच्या मोहीमप्रमुखांनी सगळ्या वर्कशॉपांत शर्यत लावली: सगळ्यात आधी गाड्या संपवेल त्याचा फोटो गृहपत्रिकेच्या मुखपृष्ठावर. एका वर्कशॉपने ही शर्यत अशी जिंकली, की बाकीच्यांचे निम्मे डबे अजून खोक्यांतच होते. तिथे जाऊन, काही दिवस राहून, सचित्र लेख आणायचा हुकूम मला झाला.

वर्कशॉप शहराबाहेर होतं. पत्र्याची उंच शेड, पुढे ग्राहकांसाठी बाकं टाकलेली खोली, मागे भलंमोठं अंगण. अंगण इतकं सपाट, की बादली सांडली तर पाण्याला कुठे जावं ते सुचत नसे. जागच्या जागी थबकून वाळायचं. व्यवस्थापकांचं ऑफिस शेडच्या मागच्या भिंतीला होतं आणि त्याची खिडकी या अंगणात उघडायची. उघडायची म्हणजे, उघडू शकली असती. भर दुपारी तिचा पडदा ओढलेला असे.

व्यवस्थापकांना माणसं पाठीमागे 'तुफान' म्हणत. कडक इस्त्रीचा, टापटीप माणूस. त्यांच्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून वीतभर लांबीचे दोन जाड बोल्ट ठेवलेले होते. लेखासाठी मला ब्रेक समजावून सांगताना त्यांनी त्यातलाच एक हातात घेतला.

डब्यात एक दांडगी स्प्रिंग असते, ते म्हणाले. हँडब्रेक ओढला की ती चाक आवळून धरते. इंजिन चालू होऊन हवेचा दाब आला की सोडते. नवा डबा येतो तेव्हा ही स्प्रिंग अशा बोल्टने ओढून जखडून ठेवलेली असते, नाहीतर बसवणाऱ्याचा हात जायचा. डबा बसवला की बोल्ट काढायचा आणि डब्याच्याच कुशीला एक खाच असते, तिच्यात अडकवून ठेवायचा. झालं काम.

काढायला विसरलं तर, असं मी विचारलं.

"तर हँडब्रेक म्हणजे नुसता दांडा," ते हसले. "ओढत बसा. पण माझ्याकडे कोणी विसरत नाही."

मग या टेबलावरच्या बोल्टांची जागा कुठली, हे मी सहज विचारलं. सुटे आले होते, असं म्हणून त्यांनी तो बोल्ट खाली ठेवला आणि बोटं रुमालाला पुसली. रुमालावर ताज्या ग्रीसचा पट्टा उमटला. सफाईवाल्याच्या नावाने काहीतरी पुटपुटत ते उठले.

बाहेरच्या खोलीत बाकावर एक बाई रोज येऊन बसत. सकाळी यायच्या, दुपारच्या चहाला उठून जायच्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. वर्कशॉपमधले लोक त्यांना वहिनी म्हणत आणि त्यांच्या समोरून जाताना जरा भरभर चालत.

त्यांचा नवरा ट्रकवाला. स्वतःची गाडी, स्वतःच चालक. याच मोहिमेत याच वर्कशॉपमधून डबे बदलून घेतलेली. एका गोदामाच्या उतारावर गाडी लावून तो मागचं दार बंद करत होता, तेव्हा गाडी मागे आली. मागे भिंत होती. तपासनिसाने ब्रेक तपासला, तो ठणठणीत निघाला, आणि अहवालात एक वाक्य आलं: चालकाने हँडब्रेक ओढलेला नव्हता. वहिनींना ते वाक्य काढून हवं होतं. दुसरं काही नको होतं.

"माणूस गेला ते गेलाच, साहेब," त्या मला म्हणाल्या. "वर बावळट ठरला. पोरं शाळेत ऐकून येतात."

मी काहीतरी सांत्वनाचं बोललो. अशी वाक्यं मला पाठ आहेत.

"दोनदा हॉर्न दिल्याशिवाय त्यांनी गाडी वीतभर हलवली नाही कधी. अंगणात कुत्रंसुद्धा नसायचं, तरी द्यायचे. म्हणायचे, सांगून निघावं. असला माणूस ब्रेक न ओढता उतरेल?"

म्हणूनच वर्कशॉपमध्ये त्याचं नाव 'पोंपों' पडलं होतं. तो आला की म्हणे पोरं आधीच तोंडाने हॉर्न वाजवायची आणि तो हसून त्यांना हात दाखवायचा. आता ती थट्टा बंद होती.

गाडी मात्र तिथेच होती. प्रकरण मिटेपर्यंत हलवायची नाही म्हणून अंगणाच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीशी उभी केलेली. निळा रंग, मागच्या दाराला पोचा. बॅटरी काढून घेतलेली, तिच्या जागी नुसता पत्र्याचा रिकामा ट्रे. हवेच्या टाक्या रिकाम्या. म्हणजे तुफानसाहेबांच्याच शिकवणीप्रमाणे मागची चाकं स्प्रिंगांनी घट्ट आवळलेली. पहिल्या दिवशी मी अंगणाचा फोटो काढला, त्यात ती टाकीशेजारी आहे.

दुसऱ्या दिवशीच्या फोटोत ती जुन्या टायरांच्या ढिगाशी आहे.

मी शिकलेला माणूस. कॅमेऱ्याचा कोन बदलला असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. कोन तोच होता. टाकी तीच, ढीग तोच. गाडी तेवढी मध्ये आली होती आणि तिची पाठ ऑफिसच्या खिडकीकडे होती.

मुख्य मिस्त्रीला विचारलं, तर तो हातातला पान्हा पुसायला लागला. पुसता पुसता म्हणाला, आणल्यापासून हे असंच आहे. साहेब दुसऱ्या ट्रकने ओढून तिला परत टाकीशी लावायला सांगतात. ओढताना मागची चाकं फिरत नाहीत, नुसती घासत जातात. त्याने मला जमिनीवर दाखवलं: टाकीच्या दिशेने जाणारे रबराचे काळे पट्टे, एकावर एक. उलट दिशेने, ऑफिसकडे, एकही पट्टा नव्हता. तिकडे धुळीत टायरांची नक्षी स्वच्छ उमटलेली होती. येताना चाकं फिरली होती.

"कोणीतरी ते लांब बोल्ट घालून चाकं मोकळी करत असेल," मी म्हणालो. "आणि ढकलत असेल."

"या गाडीचे बोल्ट साहेबांच्या टेबलावर आहेत," मिस्त्री म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं.

बाकीचं मग त्याने जेवणाचा डबा पुढ्यात उघडा ठेवून, एकही घास न घेता सांगितलं. शर्यतीच्या दिवसांत साहेब पाठीशी उभे राहायचे. या गाडीचे दोन्ही बोल्ट तो स्वतःच काढायला विसरला. पोंपों लगेच परत आला होता, ब्रेक धरत नाही म्हणून. साहेबांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. जेवत जा म्हणाले, हाताला जोर येईल. अपघात झाल्याचा फोन आला, तेव्हा तपासनिसाच्या आधी साहेब पोचले. मिस्त्री बरोबर होता. इस्त्रीच्या कपड्यांनिशी साहेब गाडीखाली शिरले, दोन्ही बोल्ट काढले आणि पँटच्या खिशात घालून आले. मग वर चढून पोंपोंने ओढलेला हँडब्रेकचा दांडा त्यांनी खाली केला. पोंपों अजून तिथेच होता, कोणीतरी वर चादर टाकलेली. मग तपासनीस आला, त्याने ब्रेक तपासला. ब्रेकने असं धरलं, की ज्याचं नाव ते.

वहिनींना हे सांगितलंस का, मी विचारलं.

"मलाही पोरं आहेत, साहेब," तो म्हणाला आणि डब्याचं झाकण लावलं.

त्या संध्याकाळी गाडी ओढून टाकीशी नेली. सकाळी ती टायरांच्या ढिगाच्या अलीकडे होती. त्यानंतर दोर दोनदा तुटला, आणि तिसऱ्यांदा बांधायला कोणी पुढे होईना. तुफानसाहेब मला मुखपृष्ठासाठी मुलाखत देत होते. गतीचं रहस्य काय, या प्रश्नावर मोकळेपणाने बोलत होते. बोलताना त्यांची पाठ पडद्याकडे नसे. खुर्ची फिरवून घेतली होती त्यांनी. टेबलावरचे बोल्ट ते दर थोड्या वेळाने पुसत.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, ते ऑफिसबाहेर आले. चेहरा पांढरा, पण आवाज खूश. टेबलावरचे बोल्ट गायब होते.

"सापडला चोर," ते मला म्हणाले. "कोणीतरी ते डब्यांत घालून गाडी ढकलतं. आत्ता ते गाडीतच असणार. चला, कॅमेरा घ्या. पुरावा होईल."

ऊन डोक्यावर होतं. गाडीचं मागचं दार आता खिडकीपासून हातभर अंतरावर आलं होतं. माणूस अंग तिरकं करून शिरेल एवढीच जागा. मी बाजूला उभा राहिलो. मिस्त्री आणि इतर शेडच्या सावलीत जेवत होते. तुफानसाहेबांनी बाह्या दुमडल्या, गाडी आणि भिंत यांच्यामध्ये शिरले आणि वाकून खाली पाहू लागले.

"नाहीत," खालून आवाज आला. "घातलेले नाहीत. खाचाही रिकाम्या."

म्हणजे चाकं आवळलेली होती. म्हणजे गाडी हलणं शक्य नव्हतं. हे त्यांना माझ्याही आधी सुचलं असावं, कारण ते हसत उभे राहिले. भिंतीला पाठ लावून त्यांनी तळहाताने गाडीचं दार थोपटलं.

"बघा. हलूच शकत नाही ही."

पों.

शेडमधली भांडी वाजायची थांबली.

पों.

मी ज्या बाजूला उभा होतो, तिथून चालकाची जागा दिसत होती. आत कोणी नव्हतं. फक्त सीटवरची उशी, बसलेल्या माणसाखाली दबते तशी दबलेली होती.

तुफानसाहेबांना निघायला वेळ होता, हे मी शपथेवर सांगतो. पहिल्या हॉर्ननंतरही होता, दुसऱ्या हॉर्ननंतरही होता. ते मान वळवून, कोण आहे, कोण आहे, एवढंच विचारत राहिले.

इंजिनाचा आवाज आला नाही. टायरांखाली धूळ किंचित करकरली.

मग खिडकीची काच फुटली.

तपासनीस तोच आला. त्याने ब्रेक तपासला, ठणठणीत. बॅटरीच्या ट्रेवर हात फिरवला, धूळ. बॉनेट उघडलं, तर हॉर्नवर कोळ्याचं जाळं होतं, अखंड, मधोमध कोळी. डब्यांच्या खाचांत दोन्ही बोल्ट जिथल्या तिथे, नट आवळून बसवलेले होते. सपाट जागा, निर्दोष वाहन. अहवालात त्याने लिहिलं, की मृत व्यक्तीने उभं राहण्यासाठी चुकीची जागा निवडली.

तो पेन बंद करत होता, तेव्हा मिस्त्री त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि सगळं बोलून मोकळा झाला. पोंपोंच्या अहवालातलं ते वाक्य निघालं. त्याच्या जागी दुसरं आलं: ब्रेक ओढलेला होता, वर्कशॉपच्या चुकीमुळे लागला नाही. मिस्त्रीची नोकरी गेली. झोप परत आली, असं त्याने मला नंतर सांगितलं.

वहिनींना ते वाक्य मीच वाचून दाखवलं. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं. मग पिशवीवरचे हात उचलून पदराने चेहरा पुसला.

"हॉर्न दिला होता का?" त्यांनी विचारलं.

"हो, वहिनी. दोनदा."

"सांगून निघायची सवयच होती." त्या उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि दाराशी थांबल्या. "ही शर्यत लावली कोणी होती, साहेब?"

मुख्य कार्यालयाने, मी म्हणालो. मोहीमप्रमुखांनी.

"लांब आहे का ते?"

"बरंच लांब आहे."

त्यांनी मान डोलावली. "त्यांना लांबच्या भाड्याची सवय होती."

गाडी पुढे भंगारात गेली. तिचे तुकडे करताना मिस्त्री मुद्दाम बघायला गेला होता; शेवटच्या पत्र्यापर्यंत थांबलो, म्हणाला. माझा लेख छापून आला नाही. मुखपृष्ठावर कारंज्याचा फोटो टाकला.

काल मोहीमप्रमुखांनी मला बोलावलं. नव्या गाडीत वाव आढळलाय, नाव सुचव म्हणाले. त्यांचं ऑफिस सातव्या मजल्यावर, पाठीमागे भिंत, समोर लांबरुंद टेबल. टेबलावर कागदांचा गठ्ठा आणि त्यावर वजन म्हणून ठेवलेले वीतभर लांबीचे दोन बोल्ट.

"तू पाठवलेले पोचले बरं का," ते म्हणाले. "छान आहेत. वजनदार. फक्त रोज ग्रीस कुठून येतं तेवढं बघ."

त्यांनी मला शेजारची, भिंतीला लागलेली खुर्ची दाखवली.

मी उभाच राहिलो.