टाकीचा तास

"सकाळी सात ते आठ टाकीजवळ बोलायचं नाही. तो तास माझा. मी नसलो तरी माझाच."

कारखान्याची टाकी सांभाळणारे आमचे मास्तर हे म्हणाले तेव्हा विरजणाचा स्टीलचा डबा पुसत होते. मी नुसतं "बरं" म्हटलं.

"बरं नको. शब्द दे."

मी शब्द दिला.

आमच्या कारखान्यात बटाटे कापले जातात आणि फळांचा रस भरला जातो. त्या सगळ्याच्या धुण्याचं पाणी पांढुरकं, गोडसर, आंबूस वासाचं. आधी ते थेट गटारात जायचं. मास्तरांनी ते एका हवाबंद टाकीत कोंडलं, त्यात जंतूंचं विरजण घातलं आणि त्या पाण्यातून हायड्रोजन काढून दाखवला. पॅकिंगच्या शेडमधले दिवे त्याच गॅसवर चालतात. विरजण घालण्याआधी अर्धा तास उकळायचं, म्हणजे गॅस खाणारे जंतू मरतात आणि देणारे तगतात, हेही त्यांनीच शिकवलं. बाकीचे लोक टाकीला 'सासूबाई' म्हणत, कारण कितीही केलं तरी तिचं समाधान होत नसे. मास्तर तिला 'पोरी' म्हणायचे. रोज सातला उलट्या क्रेटवर बसून तिच्याशी पुटपुटायचे, मध्येमध्ये खोकायचे. "बरं का पोरी, आज ऊब सदतीस आहे. बरं का पोरी, आंबटपणा ठीक आहे."

गेल्या वर्षी त्या खोकल्यातच ते गेले. त्यांची खुर्ची मला मिळाली. पहाटेचा दिवा, जप आणि एकवेळचं जेवण हे माझं आधीपासून होतंच. त्यात सात ते आठचं मौन मिसळून गेलं. सुट्टीच्या दिवशी ते मी घरी पाळते. मला काही जड गेलं नाही.

जड गेलं ते दुसरंच. मास्तर गेल्याच्या आठवड्यापासून टाकी सातला गॅस देणं थांबवायची आणि आठला परत सुरू करायची.

मीटरमध्ये एक छोटी कटोरी असते. ती गॅसने भरली की उलटते आणि 'टक्' असा आवाज येतो. दिवसभर टक्, टक्. सातला शांत.

हेड ऑफिसने नवे इंजिनिअर साहेब पाठवले. तरुण, हुशार, आणि पहिल्या दिवसापासून वैतागलेले. त्यांनी दोन पंप बदलले, हीटर बदलला, तीनदा नवं विरजण उकळून घातलं. सातच्या पाळीचं धुण्याचं पाणी बंद करून पाहिलं. एकदा तर घड्याळच बदललं.

"ताई, जंतूंना काय कळतंय सात वाजले ते?" ते माझ्यावरच ओरडले.

"नाही कळत, साहेब."

"मग?"

 गॅस खाणारे जंतू हायड्रोजनचा मिथेन करतात, म्हणून मी मिथेन तपासला. शून्य. गळती असावी म्हणून प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही. शेवटी टाकीला जोडलेल्या काचेच्या नळीतलं पाणी बघत बसले. गॅस बाहेर येताना ते खाली ढकललं जातं. सात ते आठ ते वर चढत होतं.

म्हणजे टाकी नुसती थांबत नव्हती, आत ओढत होती. मग सोडत होती. मग पुन्हा ओढत होती. जपाच्या सवयीने मी बोटांच्या पेरांवर मोजलं, तर लय सारखी नव्हती. एक लांब, दोन आखूड, मग जरा थांबून एक लांब. झोपलेल्या माणसाचा श्वास असा नसतो. बोलता बोलता दम घेणाऱ्याचा असतो.

हे मी कुणाला सांगितलं नाही.

मग चाचणी आली. सलग बहात्तर तास गॅस एका रेषेच्या खाली जाता कामा नये. रेषा टिकली तर टाकी राहणार, नाहीतर कापून भंगारात, आणि पाणी परत गटारात. मास्तरांची बारा वर्षं त्या टाकीत होती. पहिली चाचणी सातला पडली. दुसरीही सातलाच. तिसरी शेवटची.

तिसरीच्या आदल्या सकाळी, सात वाजून वीस मिनिटांनी, गाळ काढायच्या पाइपाचा व्हॉल्व्ह सुटला. कोमट, आंबट पाणी साहेबांच्या पायावर आलं आणि मी ओरडले, "साहेब, मागे व्हा! मागे!"

टक्. टक्. टक्.

मी तोंडावर हात ठेवला. मीटर थांबला.

साहेब ओल्या बुटांनी तिथेच उभे राहिले. "पुन्हा बोला."

मी नकारार्थी मान हलवली.

ते स्वतः बोलले, फोनवर कुणाशी तरी बोलले, टाकीवर पाना आपटला. मीटर गप्प.

"ताई, तुमच्या आवाजाची काही तरी कंपनं असतील. मला कारण नकोय. मला बहात्तर तास हवेत. तुमचं मौन तीन दिवस बाजूला ठेवा."

आठ वाजल्यावर मी म्हणाले, "मी शब्द दिलाय, साहेब."

"ज्यांना दिलात त्यांचीच टाकी कापतील."

दुसऱ्या दिवशी चाचणी सुरू झाली.

तीन सकाळी मी सातला त्या क्रेटवर बसले आणि आठपर्यंत बोलले. आकडे वाचले, स्तोत्रं म्हटली, घरच्या सामानाची यादी म्हटली. मीटर एकदाही थांबला नाही. नळीतलं पाणी मात्र अधूनमधून जरासं वर यायचं आणि थबकायचं, कुणी तोंड उघडावं आणि दुसऱ्याने मध्येच बोलावं तसं.

चाचणी पास झाली. साहेबांनी माझे दोन्ही हात धरून आभार मानले. "सासूबाई खूश!" पॅकिंगवाल्या बायका ओरडल्या. मला चार दिवसांची रजा मिळाली.

त्यानंतर टाकी सातला थांबली नाही. रजेतही मी रोज फोन करून विचारत होते.

रजेच्या दुसऱ्या दिवशी मी घरी देवापाशी मौनाला बसले. डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. आठला उठले तर हे दारात उभे, हातात चहाचा कप तसाच, गार.

"मौन सोडलंस का गं?"

"नाही. का?"

"तासभर बडबडत होतीस की. मला वाटलं कामाचं काही पाठ करतेयस." ह्यांनी कप खाली ठेवला. "ऊब सदतीस, आंबटपणा ठीक, झाकणाचा सहावा नट सैल आहे. मध्येमध्ये खोकत होतीस. आणि ते 'बरं का पोरी' कुणाला म्हणत होतीस?"

ह्यांनी मास्तरांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या बोलण्याबद्दल मी घरी कधी काही सांगितलं नव्हतं.

मी साहेबांना फोन केला. झाकणाचा सहावा नट बघायला सांगितला. दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला.

"सैल होता. ताई, तुम्हाला घरबसल्या कसं कळलं?"

मी फोन ठेवला.

दुसऱ्या सकाळी साडेसहाला दिवा लावला. मास्तरांचा तास मी घेतला होता, तो टाकीजवळ गप्प बसून तिथेच परत ठेवायला हवा होता. टाकी पुन्हा सातला थांबेल, साहेब पुन्हा ओरडतील, रेषा पडेल. पडू दे.

"रजा आहे ना? कुठे निघालीस?" ह्यांनी विचारलं.

सांगायला मी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. सातला अजून वीस मिनिटं होती, आणि घशात खोकल्याची एक उबळ चढत होती. खोल, जुनी, पुरुषी.

पदर तोंडावर घट्ट धरला, चपला घातल्या आणि मी कारखान्याच्या वाटेला लागले.