मागून दोन थापा

तो दिवा जरा बारीक करा रे. आणि किएरा, आधी जाऊन तुमच्या कॅरॅव्हॅनच्या जोडाला कुलूप आहे का ते बघून ये... आहे? किल्ली कुठेय? नवऱ्याच्या खिशात? शाब्बास. मग बस. सांगतो.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या शेजाऱ्याची आहे, क्लाइव्ह गार्बटची. हल शहरात आम्ही तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. त्याची बायको अ‍ॅव्हरिल दोन वर्षांपूर्वी वसंतात वारली. पोरबाळ नव्हतं. होती ती एक कॅरॅव्हॅन, मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घरच. तिच्यातले पडदे अ‍ॅव्हरिलने शिवलेले, अभ्रे तिने विणलेले, चहाच्या डब्यावर तिच्या हातची चिठ्ठी. घरातले तिचे कपडे क्लाइव्हने देऊन टाकले, पण कॅरॅव्हॅनमधल्या चमच्यालाही कुणाला हात लावू दिला नाही. बायको आता तिथेच काय ती उरली आहे, असं म्हणायचा. आणि खरंच म्हणायचा.

आता, आम्हा कॅरॅव्हॅनवाल्यांत नवरा चालवतो आणि बायको मागे उभी राहून वाट दाखवते, हे तुम्हाला सांगायला नको. अ‍ॅव्हरिलचा आवाज बारीक. म्हणून ती कॅरॅव्हॅनच्या पाठीवर थापा मारायची. दोन थापा म्हणजे मागे ये. तीन म्हणजे थांब. क्लाइव्ह आरशात बघतच नसे. तिच्या थापेवर चालायचा.

त्यांची पहिली कॅरॅव्हॅन भर दुपारी दारातून चोरीला गेली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यामुळे अ‍ॅव्हरिलच्या माघारी विम्याचे कागद आले, तेव्हा याच्या डोक्यात चोर आणि चोरच. दोन पॉलिसी समोर होत्या. एक महाग, तिच्यात चोरी, वादळ, कडा ढासळणं, सगळं धरलेलं. दुसरी निम्म्या हप्त्यात. चोरीचे पैसे पुरेपूर, पण कडा ढासळला तर दमडी नाही. आणि अट अशी, की कॅरॅव्हॅन नुसती उभी असो की मोटारीला जोडलेली, जोडावर कुलूप हवंच. ही बारीक अक्षरं वाचायचं काम अ‍ॅव्हरिलचं होतं. ती नव्हती. याने दुसरी घेतली.

मी म्हटलं, "अरे शहाण्या, तुझी कॅरॅव्हॅन डनिंगबाईंच्या कुरणात कड्यावर उभी असते. चोर येईल न येईल, समुद्र रोज येतोय."

"समुद्र काय कुलूप तोडतो होय, नॉरिस?" म्हणाला, आणि हसला.

कुलपाच्या किल्ल्या दोन. विम्याचा दावा करायचा तर कंपनीला दोन्ही दाखवाव्या लागतात. म्हणून एक अ‍ॅव्हरिलने पाकिटात बंद करून घरच्या कपाटात ठेवलेली. दुसरीला तांबडी लोकर बांधून ती कॅरॅव्हॅनमध्येच, चमच्यांच्या खणात. "चोराला आधी दार तर फोडू दे," म्हणायची. ही पद्धत चुकीची होती. पण तिची होती, म्हणून क्लाइव्हने चालू ठेवली.

गेल्या ऑक्टोबरातली एकवीस तारीख, मंगळवार. दुपारी डनिंगबाईंचा फोन आला. "क्लाइव्ह, परवाच्या वादळात कड्याचे आणखी चार मीटर गेले बघ. उद्या सकाळी मी कुंपण मागे घेतेय. तुझी तेवढी राहिलीये. ने बाबा एकदाची."

याची मोटार दुरुस्तीला गेलेली. ती हातात येऊन कुरणात पोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ झाले. समुद्रावरून धुकं चढलेलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. त्याने चाचपडत कॅरॅव्हॅन मोटारीला जोडली. अट म्हणून जोडावर कुलूप लावलं. सवयीने किल्ली आत नेऊन चमच्यांच्या खणात टाकली, दार लावलं, मोटारीत येऊन बसला.

समोर ट्रॅक्टरने खोल चिखल केलेला. फाटकाकडे वळायचं तर चार पावलं मागे घ्यावी लागणार होती. कडा वीस पावलांवर होता, त्याला ठाऊक होतं. त्याने मोटार मागे घेतली. चार पावलं. थांबला.

थप... थप.

मागून. कॅरॅव्हॅनच्या पाठीवर.

डनिंगबाई आल्या असतील, असं त्याला वाटलं. काच खाली केली. "बाई, तुम्ही आहात का?"

...

थप, थप.

आणि त्याचा पाय चालला. मन म्हणत होतं थांब, पण पायाला तीस वर्षांची सवय. पाच पावलं गेली. आणि खरं सांगतो, त्याला आनंद झाला होता. दीड वर्षाने कुणीतरी मागे उभं होतं.

थप, थप.

मोटार मागे जातच होती, आणि आता तो तीन थापांची वाट बघत होता. आता तीन येतील. आता येतील. तिने कधी चुकवलं नव्हतं.

थप... थप.

तीन आल्या नाहीत.

जमीन हलली. आधी थोडीशी. मग मागची बाजू बसली, आणि मोटारीचं नाक वर झालं. कॅरॅव्हॅन मागे ओढू लागली. त्याने पुढचा गिअर टाकला, पाय दाबला. चाकं गवतावर नुसती फिरली. दाबलं तर जागच्या जागी. जरा सैल सोडलं तर मागे.

उतरून जोड सोडवावा... पण पाय उचलला की संपलं. आणि जोडावर कुलूप. किल्ली आत. चमच्यांच्या खणात.

तो काही करू शकत नव्हता. काहीच नाही. नुसता पाय दाबून बसला. एक वीत मागे. आणखी एक वीत. मागे खणातले चमचे खळखळले. त्याने डोळे मिटले.

"सोड," तो म्हणाला. "अ‍ॅव्हरिल... सोड गं."

...

खट.

जोड सुटल्याचा तो आवाज त्याच्या ओळखीचा होता.

मोटार उसळून पुढे गेली आणि फाटकाला धडकली. मागे खूप वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग खाली, लांब, भांडी पडल्यासारखं झालं. डनिंगबाई बॅटरी घेऊन आल्या तेव्हाही त्याचा पाय तसाच दाबलेला होता.

सकाळी मी त्याच्याबरोबर गेलो. कॅरॅव्हॅन नव्हती. एक पडदासुद्धा हाती लागला नाही. कड्याच्या अलीकडे गवतात कुलूप पडलं होतं. तुटलेलं नव्हतं. उघडलेलं. त्यात किल्ली होती, तांबड्या लोकरीची.

कंपनीचा माणूस आला, फोटो काढले. "कुलूप उघडं होतं, साहेब. आणि तसंही, कडा ढासळणं यात येत नाही." दावा नामंजूर. क्लाइव्ह एका शब्दाने भांडला नाही. काय सांगणार होता?

काय म्हणतेस, किएरा? बोलावलं कुणी आणि सोडवलं कुणी?

मीही त्याला तेच विचारलं. तोवर तीन आठवडे झाले होते, आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. तो उठला. कपाटातलं पाकीट आणून माझ्यासमोर फोडलं. घरची किल्ली आतच होती. मग त्याने खोली गरम करायच्या रेडिएटरवरची दुसरी, तांबड्या लोकरीची, उचलून माझ्या तळहातावर ठेवली. त्या दिवसापासून ती तिथेच, ऊब लागेल अशी ठेवली होती.

लोकर अजून ओली होती.