दोरा नसलेली शिलाई

नवरा म्हणतो, हे कुठे लिहू नकोस, लोक हसतील.

हसू देत.

मी कॉलेज शिकलेली बाई आहे. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आणि हे घडलं ते रात्री-अपरात्री नाही, कुठल्या पडक्या जागेतही नाही. दुपारी पावणेतीनला, आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत, पंखा चालू असताना. मी या डोळ्यांनी पाहिलं, या हातांनी धरलं.

मला अजूनही भीतीपेक्षा राग जास्त येतो. का येतो, ते वाचा.

आम्ही चामड्याच्या बॅगा करतो. पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या दोन खोल्यांत घर, मधे एक पडदा. मी नमुने काढते, चामडं कापते, कडा तासून पातळ करते. नवरा शिवतो. आमची मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. तिला आम्ही ठकू म्हणतो.

एक गोष्ट आधीच सांगते. कापडावर टाका चुकला तर उसवता येतो. चामड्याचं तसं नाही. सुई एकदा आरपार गेली की भोक पडलं ते पडलं. ते बुजत नाही. जागचं हलत नाही. म्हणून आमच्याकडे चूक झाली की अख्खा तुकडा वाया जातो.

हे लक्षात असू द्या.

आमचं जुनं मशीन सपाट टेबलाचं होतं. त्यावर बॅगेचे कोपरे शिवताना नवरा बॅगेशी कुस्ती खेळायचा. आम्हाला नळीसारखा हात असलेलं मशीन हवं होतं, म्हणजे बाही चढवावी तशी बॅग त्या हातावर चढवायची आणि गोल फिरवत शिवायची. मी दोन महिने चौकशी केली. चार दुकानं पालथी घातली. वहीत सगळं लिहून ठेवलं. मला नव्या मोटरचं मशीन हवं होतं. ती मोटर पॅडल दाबेपर्यंत गप्प असते, आणि दाबाल तितकीच हळू चालते. जुन्या क्लच मोटरचं उलट. बटण दाबलं की दिवसभर घुंऽऽ करत राहते, आणि पायाचा नुसता धक्का लागला की सुई सुसाट सुटते.

घरात लहान मूल आहे. मला सुसाट काही नको होतं.

"वहीतून बॅगा शिवून निघतात का गं?" नवरा हसायचा.

आणि एका शनिवारी तो मला न विचारता मशीन घेऊन आला.

जुनं. क्लच मोटरचं. बंद पडलेल्या एका कारखान्यातलं.

"बिडाचं अंग आहे," तो कौतुकाने त्यावर थाप मारत म्हणाला. "नातवंडांपर्यंत चालेल."

"चालवून बघायला आपलं चामडं नेलं होतंस?"

तो मोटरवरची धूळ पुसायला लागला.

"नेलं होतंस का?"

"त्यांचाच तुकडा लावलेला होता दाबाखाली. त्यावर चालवलं. मस्त चाललं."

जुनं मशीन घेताना चामडं आपलं न्यायचं, दोरा आपला न्यायचा. विकणाऱ्याच्या तुकड्यावर कुठलंही मशीन मस्तच चालतं. हे मला त्यानेच शिकवलं होतं. पण कारखानदारासमोर साहेबांना संकोच वाटला.

"आणि सुईपुढचा, बोटं वाचवणारा गार्ड कुठाय?"

"गार्ड असला की कोपरा दिसत नाही. सगळेच काढून टाकतात. तू ना, उगाच..."

मी दोन दिवस भांडले. मग थकले आणि गप्प बसले.

त्या गप्प बसण्याचा राग मला आजही येतो.

दाब म्हणजे सुईशेजारी चामडं दाबून धरणारा पाय. त्याखालचा तो तुकडा मीच काढला. तांबूस, तळहाताहून थोडा मोठा, तेलाने काळवंडलेला. त्यावर एका कडेला भोकांची छोटी ओळ होती. दोरा नव्हता. नुसती भोकं. मी तो कातरणाच्या टोपलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी तो परत दाबाखाली होता.

"तू ठेवलास?" मी विचारलं.

"मला काय उद्योग नाहीत?" नवरा म्हणाला. "तूच ठेवला असशील. हल्ली तुझं लक्ष कुठे असतं?"

मी परत टोपलीत टाकला. परत तो आला. तिसऱ्यांदा मी नीट पाहिलं.

भोकांची ओळ... वाढली होती.

पहिल्यांदा आवाज ऐकला तो आठवडाभराने, सोमवारी. नवरा माल पोचवायला गेला होता. मी ठकूला झोपवून भांडी घासत होते. पुढच्या खोलीतून आवाज आला.

ठक्...

मी नळ बंद केला.

ठक्... ठक्...

एकेक टाका. मधे श्वास घेण्याइतका वेळ.

आता तुम्हाला मोटरचं सगळं का सांगितलं ते कळेल. क्लच मोटरवर असं शिवताच येत नाही. असा एकेक टाका फक्त एकाच प्रकारे पडतो. कुणीतरी बाजूचं चाक हाताने फिरवलं तर.

मी पडदा सारला. खोलीत कुणी नव्हतं. मोटरची घुंऽऽ सुद्धा नव्हती. प्लग मी सकाळीच काढून ठेवला होता.

तांबूस तुकडा दाबाखाली होता.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "झोप कमी पडते तुला." एवढंच. जेवायला बसला. मला त्याचं ताट उचलून फेकावंसं वाटलं.

मंगळवारी ठकूने जेवता जेवता माझ्यासमोर पंजा पसरला.

"आई, माझा हात केवढा आहे?"

"खूप मोठा. घास घे."

"ती म्हणते छोटा आहे."

"कोण ती?"

"हात मोजते ती."

माझा घास हातातच राहिला. "कुठे असते गं ती?"

ठकूने पडद्याकडे बोट दाखवलं. अंगठ्याशेजारचं, पहिलं बोट. ते बोट मी कधी विसरणार नाही.

"हळू हळू मोजते," ती म्हणाली. "तुझ्यासारखी ओरडत नाही."

त्याच दिवशी मी पडद्याला पिना लावल्या. मशीनवर जाड कापड टाकलं, वर कडा तासायचा दगड ठेवला. आपण शिकलेले आहोत, हे सगळं काय करतोय, असंही मनात येत होतं. तरी केलं.

आणि बुधवारी माझा डोळा लागला.

दहा मिनिटं. फार तर बारा. नवरा चामडं आणायला गेला होता. मी ठकूच्या शेजारी आडवी झाले होते, तिचा फ्रॉक मुठीत धरून. जाग आली तेव्हा मूठ रिकामी होती.

घड्याळात पावणेतीन.

पंख्याचा आवाज. बाकी घरात कसलीच चाहूल नाही. आणि मग...

ठक्...

पिना पडद्याला तशाच होत्या. खालून पोर सरपटत जाईल एवढी फट मी सोडली होती. मूर्ख बाई.

मी पडदा ओढला तशा पिना तुटल्या.

कापड जमिनीवर नीट घडी करून ठेवलेलं. दगड त्यावर. ठकू स्टुलावर गुडघे टेकून बसली होती. डावा पंजा तांबूस तुकड्यावर सपाट पसरलेला. दाब वर उचललेला. आणि चाक...

चाक आपोआप फिरत होतं.

सुई खाली आली. ठकूच्या मधल्या बोटाशेजारी, तांदळाचा दाणा राहील एवढ्या अंतरावर. वर गेली. तुकडा, त्यावरच्या हातासकट, किंचित वळला. नवरा कोपऱ्यावर वळवतो तसा. सुई परत खाली आली.

"आई, गुदगुल्या होतात," ठकू म्हणाली.

मला किंचाळायचं होतं. पण मी या कामातली आहे. सुई खाली असताना मूल दचकलं तर हात कुठल्याही दिशेला जातो. मी हळू पावलांनी गेले आणि चाक दोन्ही हातांनी धरलं.

ते थांबलं नाही.

मशीनचा जोर मला माहीत आहे. तो सारखा असतो. हा तसा नव्हता. हा सैल होत होता, परत घट्ट होत होता. माणसाच्या पकडीसारखा. आणि चाक गरम होतं. कुणीतरी फार वेळ हातात धरून ठेवावं तसं.

सुई करंगळीपासून निघून एकेका बोटाला वळसा घालून आली होती. आता पहिल्या बोटाच्या कडेने वर चढली. पहिल्या पेरापर्यंत आली. पुढे टोकाला वळसा घालायला हवा होता...

तुकडा उलट्या बाजूला वळला. सुई पेराच्या बरोबर वर आली.

ती आता बोटावरूनच आडवी जाणार होती.

चाक खाली ओढत होतं. मी वर ओढत होते. माझ्या दंडात कळ आली. आणि मला भीती नाही वाटली, खरं सांगते. असा संताप आला की दात करकरायला लागले.

"सोड," मी म्हणाले. "ही तुझी नाही."

तुझी हा शब्द तोंडात कुठून आला, मला माहीत नाही.

"तुझ्या लेकीचं काय झालं ते मला ठाऊक नाही. माझ्या लेकीला टोचलंस ना, तर या मशीनचा भुगा करीन. तुझ्यासकट."

चाक थांबलं.

मग माझ्या हाताखालून... उलटं फिरलं. अर्धा फेरा, अगदी जपून. सुई वर गेली. कुणाच्या तरी हातात घुसलेली सुई काढताना फिरवतात तसं.

मी ठकूला उचललं आणि थेट रस्त्यावर जाऊन उभी राहिले. अनवाणी. नवरा येईपर्यंत तिथेच.

दुसऱ्या दिवशी मशीनवाले काका आले. आमच्या सगळ्या मशीनची दुरुस्ती तेच करतात, बंद पडलेल्या त्या कारखान्याचीही तेच करायचे, आणि हे मशीनही त्यांनीच तेल घालून सुरू करून दिलं होतं. मी तांबूस तुकडा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी हात मागे घेतला.

"काका, तुम्हाला माहीत होतं."

"वहिनी, ऐका..."

"आधी बोला."

ते खाली बघत बोलले. त्या मशीनवर एक बाई बसायची. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून चार वर्षांची मुलगी शेजारी बसवायची. कारखानदाराने काम भरभर व्हावं म्हणून गार्ड काढायला लावलेला. एके दुपारी पोरीने चालत्या सुईखाली बोट घातलं.

"बाई चाक हाताने उलटं फिरवत होती. सुई वर काढायला. पण मोटर चालू होती ना. बंद कुणी केली नाही लवकर. सगळे बघत राहिले." काकांनी तोंड पुसलं. "जखम चिघळली. आठ दिवसांत पोर गेली. बाई परत कामावर आली, तर दोरा ओवायचीच नाही. नुसतं चाक फिरवायची. तुकड्यावर हात आखायची. मग मालकाने काढलं."

"मग कुठे गेली ती?"

"कुणी विचारलं नाही."

"तुम्ही?"

काका पिशवीतली हत्यारं आवरायला लागले.

"आणि हे तुम्ही माझ्या घरात बसवून गेलात. माझी पोर तुमच्या समोर खेळत होती."

"मला वाटलं, मशीनचा काय दोष."

मी कारखानदाराच्या घरीही गेले. तुकडा त्याच्या तोंडावर फेकायचा म्हणूनच तो जपून ठेवला होता. तो दारातच म्हणाला, "जुन्या गोष्टी आहेत हो त्या. मशीन नीट चालतंय ना?"

मी फेकला नाही. त्या माणसाच्या उंबऱ्यात ती खूण टाकावी असं वाटलं नाही. परत घेऊन आले.

नवऱ्याचं म्हणणं, मशीन विकून टाकू. मी म्हटलं, "घेणाऱ्याच्या घरात पोर नसेल कशावरून?" भंगारवाल्याकडे मी स्वतः उभी राहून त्या बिडाचे तुकडे करून घेतले. नवरा शेजारी मान खाली घालून उभा होता. आता आमच्याकडे नवं मशीन आहे. गप्प मोटरचं. गार्डसकट. कोपरा नीट दिसत नाही म्हणून तो हळू शिवतो, पण गार्डला हात लावत नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. इथेच संपवता आली असती.

तो तुकडा माझ्या कपाटात आहे. त्यावर एका लहान पंजाची बाहेरची रेघ आहे, भोकाभोकांची. करंगळी, तिच्या शेजारचं बोट, मधलं बोट. पहिल्या बोटाच्या पेराशी ओळ तुटलेली. तेव्हा मी ठकूचा हात त्यावर ठेवून पाहिला होता. बरोबर बसला.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना परत ठेवून पाहिला.

ठकू आता साडेपाच वर्षांची आहे. तिचा हात किती वाढलाय...

तरी बरोबर बसला.

चामड्यात पडलेलं भोक जागचं हलत नाही. मी हे काम सात वर्षं करते आहे.

नवरा म्हणतो, जाळून टाक. आता तो हसत नाही. पण जाळला तर ती कुठवर आली ते मला कळणार कसं? म्हणून मी रोज तुकडा काढते आणि पहिल्या बोटाजवळची भोकं मोजते. बोटाच्या कडेने नऊ. महिनाभर नऊच होती.

काल दुपारी मोजली.

दहा होती.

दहावं कडेला नाही, बोटावर आडवं गेलंय.