मनसुब्याला लागणारी वीज

'अगोदर' ही नवी ऑपरेटिंग सिस्टिम आल्यापासून वाट पाहणं ही गोष्टच लोक विसरून गेले होते. लॅपटॉपला बोट लागण्याआधी हवी ती फाइल उघडलेली असे. कुणाला फोन लावावा असं मनात येईतो पलीकडची लाइन जोडून तयार असे. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम सांगितलेलं काम करत, ही सांगण्याआधीच कामाला लागे. कुणी त्याला जादू म्हणे, कुणी आगाऊपणा. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं, की नव्या सिस्टिमवर बॅटरी दुप्पट टिकते.

हेरंब देवस्थळीची बॅटरी तेवढी दुपारच्या आत मान टाकत होती.

हेरंब पुलांची तपासणी करायचा. हातोडीने काँक्रीट ठोकत जायचं, आवाज पोकळ आला की तिथे खूण करायची, आणि तड्यांची मापं लॅपटॉपवर चढवायची, हे त्याचं काम. पुलावर प्लग कुठून असणार? परवा एका खाडीपुलावर चार अधिकारी उन्हात ताटकळत असताना लॅपटॉप बंद पडला. त्यांच्यातला एक म्हणाला, "साहेब, पुलाचं राहू द्या, आधी याचीच तपासणी करा." सगळे हसले. हेरंबही हसला, पण त्याचे कान तापले होते.

उपाय करायचे त्याने बाकी ठेवले नव्हते. स्क्रीन इतकी मंद केली की आकडे दिसेनात. नको ते सगळं बंद केलं. नवी बॅटरी घातली. सिस्टिम पुसून पुन्हा टाकली. दोन दिवस बरे गेले आणि मग ये रे माझ्या मागल्या. शेवटी त्याने कंपनीला चांगली खरमरीत तक्रार लिहिली आणि तिच्या उत्तरादाखल चक्क तिच्या पुण्याच्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं.

डॉ. गार्गी नेवाळकर ही 'अगोदर' घडवणाऱ्यांपैकी एक. पन्नाशीची, केस बारीक कापलेली, बोलताना समोरच्याच्या कपातला चहा संपला की नाही याकडे लक्ष ठेवणारी बाई. तिने हेरंबचा लॅपटॉप आपल्या यंत्राला जोडला आणि पडद्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा ताडून पाहिले.

"बिघाड सापडला का मॅडम?"

"बिघाड नाहीये, देवस्थळी साहेब. मशीन उत्तम चाललंय. आमच्या सिस्टिममध्ये एक मोजमाप असतं, त्याला आम्ही मनसुबा म्हणतो. तुमची नजर कुठे रेंगाळते, बोटं कुठे अडखळतात, बोटांच्या टोकांतली नाडी कशी चालते, यावरून मशीन ओळखतं की तुमच्या मनात काय करायचं आहे. मनसुबा पक्का वाटला की ते तयारीला लागतं. म्हणजे कसं, पाहुणा दारात यायच्या आधीच मंद आचेवर चहाचं आधण ठेवायचं. पाहुणा आला की वेळ वाचतो, गॅसही वाचतो."

"आणि पाहुणा आलाच नाही तर?"

"मग आधण उकळत राहतं," गार्गी म्हणाली. "तुमच्याकडे तेच झालंय."

हेरंबला हसू आलं. असल्या क्षुल्लक गोष्टीसाठी आपण पुण्यापर्यंत आलो, असं त्याला वाटलं. "पण मशीन शिकतं ना? कुणी नुसताच विचार करतो आणि करत काही नाही, तर ते नाद सोडून देत असेल."

"सोडून देतं. पोकळ विचार त्याला बरोबर ओळखता येतो. 'उद्यापासून व्यायाम करीन' म्हणणाऱ्यांसाठी आमचं मशीन एक थेंबही वीज खर्च करत नाही." ती थोडी थांबली. "तुमची गंमत अशी आहे की तुमचा मनसुबा दर वेळी खरा असतो. एकच व्हिडिओ फोन आहे, एकाच नंबरचा. नंबर कुणाचा ते आम्हाला दिसत नाही, आणि दिसूही नये. पण दिवसातून किती तरी वेळा तुम्हाला तो फोन अगदी मनापासून करायचा असतो. मशीन लाइन जोडतं, कॅमेरा तापवून ठेवतं, आणि तुम्ही करत नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. इतका खरा आणि इतका वाया जाणारा मनसुबा मी आजवर पाहिला नव्हता, म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

"ऑफिसचा असेल," हेरंब म्हणाला.

गार्गीने त्याच्या कपाकडे पाहिलं. त्याने कप उचलला. त्यात चहा नव्हता.

नंबर ताईचा होता, हे सांगायला त्याला मशीनची गरज नव्हती. ताई देवरुखला. भाऊजी गेल्यावर ती फोनवर म्हणाली होती, "हेरंब, दोन महिने तुझ्याकडे येऊन राहू का रे? घर अगदी खायला उठतं." हेरंबची बायको नोकरीपायी दिल्लीला, मुलगी परदेशात, नाशिकच्या घरात तीन खोल्या रिकाम्या. पण रिकाम्या घराचीही माणसाला चटक लागते. सकाळी उठल्यापासून कुणी बोलणार, विचारणार, वाढून वाट पाहणार, याचाच त्याला कंटाळा आला. तो म्हणाला, "ये की! फक्त आत्ता घराला रंग द्यायला काढलाय. तो झाला की मीच न्यायला येतो." रंगारी तेव्हा खरंच आले होते, पण बाल्कनीच्या ग्रिलला, आणि आठवडा संपायच्या आत ते गेलेही. पुढे प्रत्येक फोनवर ताई विचारायची, "रंग झाला का रे?" तिच्या बोलण्यात टोमणा नसायचा, ती नुसतं विचारायची. टोमणा असता तर भांडता तरी आलं असतं. हळूहळू त्याने फोन करणंच सोडलं. आणि आता ही परकी बाई त्याला हातोडीने ठोकून बघावं तशी बघत होती, आणि आवाज कसा येतोय ते त्यालाही ऐकू येत होतं.

"यावर उपाय?" त्याने खाली मान घालूनच विचारलं.

"एक म्हणजे, फोन करून टाकायचा. नाहीतर मी त्या नंबरपुरता मनसुबा बंद करते. मग मशीन त्याची वाट पाहणार नाही."

"तूर्त बंद करा. पावसाळ्याआधी बारा पूल बघायचेत हो."

"करते. पण हेही ऐकून ठेवा, लाइनला दोन टोकं असतात. तुमचं मशीन तयारीला लागलं की पलीकडचंही जागं होतं."

"म्हणजे तिचीही बॅटरी उतरत असेल?"

"उतरत असणार."

"मग बंद केलेलंच बरं. तिचाही त्रास वाचेल," हेरंब म्हणाला. स्वतःच्या सोयीला दुसऱ्याच्या भल्याचं नाव देण्यात तो चांगलाच तरबेज झाला होता. 'तिची' हा शब्द तोंडून निसटल्याचं त्याच्या लक्षात आलं तेव्हा गार्गीने मान वळवून सेटिंग बदलायला घेतलं होतं.

बॅटरी सुधारली. सकाळी चार्ज करून निघालेला लॅपटॉप संध्याकाळी घरी येईतो तग धरू लागला. त्या थट्टेखोर अधिकाऱ्यालाही हेरंबने मुद्दाम स्क्रीनचा कोपरा दाखवला. आठवडाभर तो खुशीत होता.

आणि एका संध्याकाळी ताईचाच फोन आला. तिने आपणहून फोन करणं किती तरी दिवसांत झालं नव्हतं. 'तुझ्या कामात कशाला' म्हणून ती करत नसे. स्क्रीनवर तिचा चेहरा आला, आणि हेरंबला आधी जाणवलं ते हे की ती थकलीय.

"बरा आहेस ना रे?" तिने घाईघाईने विचारलं. "आजारी बिजारी नाहीस ना?"

"छे, ठणठणीत आहे. का गं?"

"दिवा लागला नाही आठवडाभर. जीव नुसता टांगणीला लागला."

"कसला दिवा?"

"अरे, माझ्या मशीनच्या पडद्यावर एक हिरवा ठिपका येतो. तुझ्या नावाशेजारी तो लागायचा. शेजारच्या मुग्धाने सांगितलं, समोरचं माणूस फोन करायच्या बेतात असलं की तो लागतो. दिवसातून किती वेळा लागायचा म्हणून सांगू! मी आपली केसांवरून कंगवा फिरवून समोर बसायचे. मग तो विझायचा. म्हटलं, कामात असेल, पण आठवण तर काढतोय!" ती हसली. "फोन नाही केलास तरी चालतं रे मला. दिवा लागला की त्या दिवशी चार घास जास्त जायचे."

हेरंबला तिच्याकडे बघवेना. ज्या लाजेपायी तो फोन करत नव्हता, ती लाज तिकडे देवरुखला दिव्यासारखी लागत होती, आणि ताई तिलाच माया समजून जेवत होती.

"सिस्टिममध्ये थोडा बिघाड झाला होता," तो म्हणाला. "दुरुस्त करून घेतो."

"घे हो. आणि रंग झाला का रे?"

आत्ता. आत्ताच म्हणायचं, ये. तोंड उघडलं आणि हेरंबने स्वतःच्या कानांनी ऐकलं, "होतच आलाय. एक हात राहिलाय फक्त."

फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची इतकी किळस आली की त्याने स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. आणि तरी त्यानंतर पहिलं काम त्याने केलं ते काय, तर गार्गी नेवाळकरला फोन लावून सगळं पूर्ववत करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साइटवरून लवकर येऊन त्याने लॅपटॉप पूर्ण चार्ज केला आणि तो पुढ्यात उघडून बसला. कळांवर बोटं टेकवली. ताईला डोळ्यांपुढे आणलं. तिचं स्वयंपाकघर, खिडकीतली तुळस, लहानपणी त्याला शाळेत सोडताना तिने घट्ट धरलेला हात. मशीन तयारीला लागलं की आतला पंखा बारीक घुमतो, हे आता त्याला माहीत होतं. त्याने कान दिला. पंखा घुमला नाही. त्याने आणखी आठवलं, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत आठवलं. पंखा गप्पच.

त्याने पुन्हा गार्गीला फोनवर गाठलं. "मॅडम, चालत नाहीये हे."

तिने तिकडून पाहिलं. "चालतंय. मशीनला मनसुबा मिळत नाहीये."

"अहो, मी त्याच्यासाठीच तर बसलोय इथे!"

"कशासाठी? फोन करायला, की तिकडे दिवा लागावा म्हणून?"

हेरंबने कळांवरची बोटं उचलली.

"पूर्वी तुम्हाला फोन करायचा असायचा आणि धीर होत नसे," गार्गी हळूच म्हणाली. "आता तुम्हाला फक्त दिवा लावायचाय. मशीनला दोन्हींतला फरक कळतो. मी त्यात काही करू शकत नाही, देवस्थळी साहेब. पण फोनच करायचा असेल, तर बटण समोर आहे. त्याला माझी गरज नाही."

बटण खरंच समोर होतं, ताईच्या नावाशेजारी. हेरंबने बोट तिथवर नेलं. दाबलं की ती पहिल्यांदा काय विचारणार, ते त्याला पाठ होतं. मागच्या भिंती कोऱ्या, स्वच्छ, रंगकामाची कसलीच खूण नसलेल्या, तिच्या स्क्रीनवर लख्ख दिसतील अशा उभ्या होत्या. त्याने बोट मागे घेतलं, दोन्ही हात पुन्हा कळांवर ठेवले आणि डोळे मिटून ताईची आठवण काढायला लागला.

देवरुखला ती या वेळी दिव्याची वाट पाहत, कंगवा फिरवून बसलेली असणार. बाहेर दिवेलागण झाली. हेरंबने डोळे उघडले, तर बॅटरी जवळजवळ भरलेलीच होती.