तिन्हीसांजेची उसनवारी

"तिन्हीसांजेला कुणाला 'नाही' म्हणायचं नाही, विमल. घर ऐकत असतं."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा विमल नवी नवरी होती. पुढे नवऱ्याच्या बदल्यांमागे घरं बदलत गेली, शेवटी नवराही गेला. नेम मात्र टिकला. आता मोहालीच्या एअरोसिटीत, लेकीच्या फ्लॅटमध्ये दिवा लावल्यावर मीठ संपलं असलं, तरी ती "मीठ वाढलंय" असंच म्हणे.

लेक ओजस्विनी आयटीत. ऑफिसातून आली की चहा घेऊन आपल्या छंदाला बसायची. ती एक भाषा रचत होती. लॅटिनची लेक, फ्रेंच-इटालियनची धाकटी बहीण. ती बोलणारी माणसंही कल्पनेतलीच, जहाज फुटून कोकण किनाऱ्याला लागलेली.

"नव्या वस्तूंना शब्द ते शेजाऱ्यांकडूनच उसने घेणार ना, आई. तू गंध उगाळतेस त्या दगडाला काय म्हणतात?"

"सहाण."

"पक्का! हा घेतला."

सकाळी पूजेला बसल्यावर विमलला त्या दगडाचं नाव आठवेना. चंदन कितीही घासलं तरी गंध उतरेना. शेजारच्या रागिणीताई मूळच्या नागपूरच्या. त्यांना विचारलं, तर त्या खळखळून हसल्या. "अहो, ते... चंदन घिसायचं पत्थर! झालो की आपण पंजाबी!"

विमलही हसली. मग तिनं चिपळूणला भावाला, बाळकृष्णाला फोन केला. जन्मात कोकण न सोडलेला तो माणूसही आठवू लागला.

"काय बरं म्हणतो गं आपण त्याला?" मग म्हणाला, "ते राहू दे. ही गेल्यापासून देवघर अंधारात आहे, ताई. यंदा गौरीपुढे दिवा लावायला माहेरी ये."

"येते. वचन देते तुला."

हे सगळं ऐकून ओजस्विनी घाबरली. "बंद करते मी हे खूळ," म्हणाली आणि रचलेलं सगळं पुसून टाकलं.

त्याच संध्याकाळी विमलनं दिवा लावला आणि बेल वाजली. दारात एक बाई होती. अंगावर जाड, ओलसर पांघरूण, हातात रिकामी वाटी. तिच्या अंगाला खाऱ्या पाण्याचा वास येत होता. ती मऊ, घोळवून काहीतरी बोलली.

ओजस्विनी पांढरीफटक पडली. "आई, ही माझी भाषा बोलतेय."

"काय मागतेय?"

"लग्न झालेल्या बाईचं आईवडिलांचं घर. त्याला शब्द हवाय म्हणते. आई, देऊ नकोस!"

ओजस्विनी दार लोटायला धावली. दार हलेना.

विमलनं ओठ घट्ट मिटले. बाई वाटी पुढे धरून उभी राहिली.

ज्योत हलत नव्हती. घर ऐकत होतं.

"माहेर," विमल म्हणाली.

बाईनं वाटी हातानं झाकली आणि जिना उतरून गेली.

विमलनं भावाला फोन लावला. पलीकडून भावाचा नव्हे, त्या बाईच्या बोलीतलाच मऊ आवाज आला. तिनं फोन ओजस्विनीच्या कानाला लावला.

"काय म्हणतात?"

"म्हणतात... दिवा आम्ही लावलाय. या."

गौरीच्या आदल्या दिवशी, लेक झोपेत असताना, विमलनं खण, तांदूळ, हळदकुंकू पिशवीत भरलं आणि दार हळूच ओढून घेतलं. भावाला वचन दिलं होतं.

गेटवरच्या वॉचमननं टॅक्सीचं दार उघडलं. "मायके चलीं, माताजी?"

विमलनं मान हलवली. शब्द कळला. डोळ्यांपुढे मात्र काहीच आलं नाही. ना अंगण, ना उंबरठा. पिशवी मांडीवर घेऊन ती टॅक्सीत बसली.