त्रेसष्टचे अकरा दिवस

नका पिडू रे पोरांनो. लाईट गेली की तुम्हाला हीच गोष्ट हवी. बसा गप्प. कोणी हसलं तर कान उपटीन.

शर्यतीच्या गाड्यांवर आकडे रंगवणारा माझा एक दोस्त होता. मी त्याच गॅरेजचा वॉचमन. त्याचा मुलगा ड्रायव्हर, आकडा त्रेसष्ट. ह्या खेळात ड्रायव्हरने एकदा घेतलेला आकडा तो असेतोवर त्याचाच. तो गेला तरी पुढची दोन वर्षं दुसऱ्याने घ्यायचा नाही.

वळणावर गाडी उलटली. पोरगा जागच्या जागी गेला.

दोन वर्षांना अकरा दिवस कमी होते, तेव्हा गॅरेजच्या मालकाने नवा ड्रायव्हर आणला. त्यालाही त्रेसष्टच हवा.

"अकरा दिवस थांबा मालक. तेवढंच उरलंय त्याचं," दोस्त म्हणाला.

"अकरा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय? सकाळी फोटो आहेत. तू नाही तर दुसरा रंगवेल."

परक्याचा हात लागण्यापेक्षा आपलाच बरा, म्हणून हा आला. मंगळवार, रात्रीचे पावणेदोन. मी शटर ओढून बाहेर खुर्चीत बसलो. आतलं त्यानेच मला सांगितलं.

पोराला एक खोड होती. बापाने नवा आकडा काढला की ओल्या रंगावर उजवा पंजा टेकवायचा. बाप शिव्या घालायचा, पुन्हा रंगवायचा.

त्या रात्री दोस्ताने बॉनेटवर काळ्या रंगात सहा काढला. मग तीन. ब्रश धुवायला वळला. मागे पाऊल वाजलं... सवयीने तोंडातून गेलं,

"ओलं आहे रे, हात लावू नकोस."

बोलला आणि थिजला.

वळून पाहिलं...

कोणी नाही.

तीनवर उजवा पंजा. पाची बोटं.

बऱ्याच वेळाने शटर वर झालं. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आज तरी 'लाव' म्हणायला हवं होतं रे..."

सकाळी मालक चार माणसांत माझ्यावर उखडला. रात्री तूच होतास, हात तुझाच, खोटारड्या! मी उजवा हात त्याच्या नाकासमोर धरला. हा बघा. अंगठा आहे का? वीस वर्षांपूर्वीच मशीनच्या पट्ट्यात गेला.

मालकाने ते बॉनेट काढून फेकलं. दोस्ताने घरी नेऊन भिंतीला टेकवलं. त्याला आता चौदा वर्षं झाली. परवा गेलो होतो. त्या पंज्यावर बोट ठेवलं...

रंग ओला आहे.

कंदील इकडे धरा. हे बघा, नखात अजून काळं आहे. मालकाने मात्र अजून मला 'चुकलो' म्हटलेलं नाही.