परका पुरुष

भूतबित माझ्या धंद्यात बसत नाही हो. मी मृत्युपत्रांची वकील. मेलेल्यांचीच कामं करते, पण कागदावर. त्या मंगळवारी भरदुपारी यॉर्कशरच्या किनाऱ्यावर गार्बटांच्या घरी गेले, तेही साध्या चौकशीला.

गार्बटसाहेबांनी घर ट्रस्टमध्ये ठेवलं होतं. दुसरी बायको म्युरिएल हयात असेपर्यंत तिथे राहील, मग घर पहिल्या बायकोच्या मुलाला, क्लाइव्हला. साहेब गेले तेव्हा वारसा कराचा एक पौंडही भरावा लागला नाही. मसुदा माझाच. अट एकच, साहेबांनी हट्टाने घातलेली: बाईंनी घरात परका पुरुष ठेवला, की त्यांचा हक्क संपला. आता क्लाइव्हला निनावी चिठ्ठी आली होती... वर कुणीतरी रोज दाढी करतं म्हणून. मला क्लाइव्हचाच राग आला. बहात्तर वर्षांची बाई जाणार कुठे?

म्युरिएलबाईंनी दार उघडलं. अंगात कोट, पायाशी बॅग. टेबलावर चहाचे तीन कप होते. वर नळ वाहत होता. मग बेसिनवर वस्तरा आपटला. टक्... टक्...

"कोण आहे वर?" मी विचारलं.

"चिठ्ठी मीच टाकली," त्या कुजबुजल्या. "तुम्ही लिहा, वकीलबाई. परका पुरुष राहतो म्हणून लिहा."

"अहो, घर जाईल!"

"जाऊ दे मेलं! मला बहिणीकडे जायचंय."

"मग नुसता हक्क सोडा की. मी कागद करते."

"तीनदा निघाले. टॅक्सीत बसते... आणि बघते तर स्वयंपाकघरात असते. नवऱ्याने लिहिलंय ना, मी जिवंत असेपर्यंत इथेच. शब्दाचा पक्का आहे तो. पण अटही त्याचीच. ती मोडली, तर सोडेल."

मी तावातावाने वर गेले. कुणी नव्हतं. बेसिनमध्ये कोमट पाणी, त्यावर पांढरे केस.

खाली येऊन खोटं लिहिलं. वकिली गेली तर गेली. 'या घरात परका पुरुष राहतो.' बाईंनी सही केली. जिन्यावर पावलं वाजली... माझ्या खुर्चीमागे थांबली. तंबाखूचा वास आला. मी कागद पर्समध्ये कोंबला, बाईंचा दंड धरला आणि बाहेर पडले.

त्या गाडीत बसल्या. फाटक मागे पडलं, वळण आलं, तरी त्या शेजारीच होत्या! हसल्या, रडल्या. "सुटले गं बाई," म्हणाल्या.

वळणावर गाडी थांबवून मी कागद पुन्हा पाहिला. 'परका' या शब्दावर काट मारलेली होती. शाई ओली होती.

शेजारची जागा रिकामी होती. आरशात, दूर फाटकाशी, म्युरिएलबाई कोटाची बटणं काढत घराकडे चालल्या होत्या.

मी मागे गेले नाही. खोटं कशाला सांगू, गाडी सुरू केली आणि निघून आले.